आरसीसीबी बायपास करू नका
दादा, आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा बोर्डातला स्विच) सारखी पडते, म्हणजे ट्रिप होते, म्हणून वायरमन ती बायपास करून देतोय म्हणता. कृपा करून करू देऊ नका. आमच्या जळगावात मे महिन्यात घरोघरी लोखंडी कूलर, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाणी भरायचं. आमचीही अशीच पडायची. एकेक प्लग काढत गेलो, तर कूलरच्या पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडलेली, आतलं तांबं दिसत होतं! असा करंट पत्र्यातून अंगात गेला, तर एमसीबी (बोर्डातला साधा ट्रिप स्विच) वाचवत नाही, ती ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटसाठी. फेज-न्यूट्रलमधल्या करंटचा ३० मिलिअँपिअरचा फरक, म्हणजे गळती, पकडते ती आरसीसीबीच. सगळे प्लग काढूनही पडली, तर दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल मिसळलाय का, ते तपासायला लावा. टेस्ट बटण महिन्याला एकदा दाबा. अर्थिंग तरीही हवंच.