मदत हवी आहे: स्वयंपाकघरात गेलं की गाणं तुटतं

मंडळी, नवीन यंत्र घरात आलं की माहितीपुस्तिका न वाचताच बटणं दाबत बसायचं, हा माझा जुना आजार. सध्या हॉलमध्ये जुना अँप्लिफायर, त्याला जोडलेला ब्लूटूथ रिसीव्हर आणि खिशात फोन. हॉलमध्ये आवाज झकास! पण स्वयंपाकघरात गेलो की गाणं अडखळतं, आणि मायक्रोवेव्ह सुरू असेल तर विचारूच नका. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच नांदतात, त्यामुळे भांडण समजू शकतो. घरचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं, थोडा फरक पडला. फोन पँटच्या मागच्या खिशातून शर्टाच्या खिशात आला, तेव्हा त्याहून जास्त पडला! (या लहरी आपलं शरीरही अडवतं.)

कोडेकचा (ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी गाणं आटोपशीर करायची पद्धत) घोळ वेगळाच. एलडॅक हा चांगल्या आवाजासाठीचा कोडेक ९९० केबीपीएसवर (सेकंदाला किती हजार बिट माहिती जाते ते; जास्त म्हणजे आवाज सरस) लावला की तुटणं वाढतं, ३३० वर आणला की थांबतं. मग एवढा खटाटोप केला कशाला?

आता वाय-फायवर चालणारा स्ट्रीमर (वाय-फायवरून गाणं घेऊन अँप्लिफायरला देणारं यंत्र) घ्यावा का? दोन खोल्यांत एकदम लावलं तर आवाज मागेपुढे होतो का? अँप्लिफायर मात्र काढणार नाही. वापरलेल्यांनी अनुभव सांगा. ‘सरळ वायर टाक’ म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या घरच्यांची परवानगी आणावी.