स्टेंटनंतर रात्रीचा कोरडा खोकला: गोळ्यांचा की धुळीचा?

निपाणीहून लिहितोय. वय ५८. गेल्या दिवाळीनंतर हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला. रॅमिप्रिल (बीपीची), मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके कमी करणारी), अ‍ॅटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची) आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. तीन महिने झाले, रात्री घशात कुसळ अडकल्यागत खोकला येतोय. कफ नाही, ताप नाही, एक्स-रे साफ. तंबाखूच्या वखारीत ३० वर्षं गेली, म्हणून सगळे धुळीवरच खापर फोडतात. पण वखार सोडून दोन वर्षं झाली की हो! शिवाय चालताना पोटऱ्या भरून येतात. आमची ही म्हणते, वय झालं.

उत्तर १: काका, खोकला रॅमिप्रिलचा असू शकतो. खानापुरात माझ्या सासऱ्यांना अस्संच झालेलं. आम्ही दोन बाटल्या काढा संपवला, उपयोग शून्य. डॉक्टरांनी रॅमिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन (बीपीचीच दुसरी गोळी) दिली, तीनेक आठवड्यांत खोकला गेला.

उत्तर २: पोटऱ्या थांबल्यावर मोकळ्या होतात का? तसं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासा. सतत दुखत असतील तर कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळेही (स्टॅटिन) असेल, सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. मनानं एकही गोळी सोडू नका. मेटोप्रोलॉल एकदम बंद केली तर छातीत दुखणं पुन्हा उसळू शकतं, आणि रक्त पातळ करायची सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

मूळ लेखक: थांबल्यावर मोकळ्या होतात हो. हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, नुसतं 'पाय दुखतात' म्हणालो. शुक्रवारी बेळगावला जातोय, सगळं वहीत लिहून.