पुन्हा वापरायचं अंतराळयान ओझरला उतरवावं का?

ओझरकर
इस्रोच्या 'पुष्पक' या पंखांच्या चाचणी-यानाने 2023 आणि 2024 मध्ये मिळून तीनदा कर्नाटकात चल्लकेरेच्या धावपट्टीवर उतरून दाखवलं. तेव्हा ते हेलिकॉप्टरखाली टांगून नेऊन साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं होतं. उद्या कक्षेतून परतणारं यान येईल, तेव्हा नाशिकजवळच्या ओझरचा विचार व्हायलाच हवा. तीन किलोमीटरची धावपट्टी आहे आणि मिगपासून सुखोईपर्यंत विमानं बांधलेली एचएएल तिथेच आहे. अमेरिकेचं स्पेस शटल हे यान कॅलिफोर्नियात उतरलं की बोईंग 747च्या पाठीवर बसवून फ्लोरिडाला न्यावं लागायचं. यान पुन्हा उडवायचं असेल, तर उतरल्या जागीच ते उघडून तपासणारे हात हवेत.

निफाडची बागायतदार
दादा, धावपट्टी किती लांब आहे यापेक्षा यानाच्या वाटेखाली कोण राहतं ते आधी बघा. असं यान उतरताना इंजिनाविना तरंगत येतं. अंदाज चुकला तर पुन्हा वर जाऊन घिरटी घालायची सोय नाही. पुष्पक टेकलं तेव्हा वेग ताशी 320 किलोमीटरच्या वर होता. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया शटल परतताना तुटलं आणि तुकडे टेक्सासभर पडले. खाली कुणी दगावलं नाही, पण तिथे वस्ती विरळ होती. पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडे मळ्यामळ्यात घर आहे.

ओझरकर
ताई, मग श्रीहरिकोटाही बाद करावं लागेल. यान पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतं, म्हणजे परतताना अरबी समुद्रावरून येणार. श्रीहरिकोटा गाठायचं तर अख्खा दख्खन ओलांडायचा. ओझर किनाऱ्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे.

निफाडची बागायतदार
त्या सव्वाशे किलोमीटरमध्ये जव्हार आणि पेठची माणसं राहतात. त्यांना कुणी विचारलंय का?

सिन्नरचा
पावसाळ्याचं काय? शटलच्या उष्णतारोधक फरशा पावसाच्या थेंबांनीही खराब व्हायच्या, म्हणून पावसात ते उतरवत नसत. मार्च 1982 मध्ये कॅलिफोर्नियातला कोरड्या तलावाचा तळ पावसाने ओला झाला, तर शटल न्यू मेक्सिकोत उतरवावं लागलं. तिथली जिप्समची बारीक धूळ यानात शिरली, ती साफ करताना हाल झाले. म्हणजे एक जागा निवडून भागत नाही, राखीव जागाही तितकीच पारखून घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवर ढग असताना ओझरचा भरवसा कोण देणार? मला तर समुद्रच बरा वाटतो. फाल्कन 9 रॉकेटचा बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, 2016 मध्ये जहाजावर उभा उतरलाच की.

ओझरकर
भाऊ, बूस्टर कक्षेत जातच नाही, अर्ध्या वाटेतून परततो. पंखांच्या यानाला धावपट्टी लागतेच. पावसाळ्यात चल्लकेरे आणि उरलेले आठ महिने ओझर, असं करता येईल.

निफाडची बागायतदार
त्याच आठ महिन्यांत आमची द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी आणि मार्च-एप्रिलपर्यंतची काढणी येते. तेव्हा बागा मजुरांनी भरलेल्या असतात. प्रत्येक उतरणीला किती गावं, किती तास रिकामी ठेवायची, हे आधी ग्रामसभेत नकाशावर दाखवा. धावपट्टीचं त्यानंतर बोलू.