डॅशकॅमची वायर दिसू न देता कशी टाकावी?

गोदाकाठी: आठवड्याला नाशिक-मुंबई, कसारा घाटातून. डॅशकॅमची (पुढच्या काचेवरच्या रेकॉर्डिंग कॅमेऱ्याची) वायर काचेवर लोंबकळतेय. पार्किंग मोडही हवाय, म्हणजे गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग. त्याने गाडीची बॅटरी उतरेल का?

सिडकोवाला: हार्डवायर किट घ्या, म्हणजे कॅमेऱ्याला थेट गाडीच्या फ्यूज बॉक्समधून वीज देणारी वायर. लाल वायर इग्निशनच्या फ्यूजला, पिवळी कायम चालू फ्यूजला, काळी अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीच्या धातूला. वायर सोलून जोडू नका, फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसणारा, जादा वायर काढून देणारा जोड) वापरा, त्यात कॅमेऱ्यासाठी २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज. एअरबॅग, एबीएसच्या फ्यूजला हात लावायचा नाही. कटऑफ (बॅटरी किती उतरली की कॅमेरा बंद व्हावा ती मर्यादा) १२.२ व्होल्टवर ठेवा, म्हणजे सकाळी गाडी स्टार्ट होईल. काळी वायर रंगवलेल्या पत्र्यावर नको; उघड्या धातूत घट्ट बसलेला १० नंबरचा बोल्ट शोधा. अर्थ कच्चा राहिला की कॅमेरा सारखा रीस्टार्ट होतो.

इंदिरानगरकर: टॅपची दिशाही बघा. मूळ फ्यूज काढून मल्टीमीटरने सप्लायची (करंट येणारी) पिन शोधा. टॅप उलटा बसला तर कॅमेऱ्याचा लोड मूळ फ्यूजवरही येतो.

गोदाकाठी: आणि पिलरमध्ये (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात) एअरबॅग आहे, तिथे वायर कशी न्यायची?

सिडकोवाला: वायर एअरबॅगच्या मागून, मूळ हार्नेसला (गाडीच्या वायरींच्या जुडग्याला) बांधून न्या. पुढून गेली तर बॅग उघडताना अडकते. काळी पीव्हीसी टेप नको, उन्हात गोंद सुटून चिकट राडा होतो. कापडी टेपच घ्या.