संगमरवरी हत्तीची सोंड तुटली, कशाने जोडू?

गारगोटी:
आग्र्याहून आणलेला वीतभर उंचीचा पांढरा हत्ती. सोंडेचा सहा सेंमीचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा तुकडा निघालाय. फेविक्विकने दोनदा चिकटवला, दोन्ही वेळा सुटला. टवका उडाल्यामुळे एका बाजूला फट दिसते. आत खिळा घालावा का?

टाकीचे_घाव:
फेविक्विक कागदाइतक्या पातळ सांध्यातच धरतो. फट असली की पकड नाही, धक्का लागला की काचेसारखा तडकतो. दोन ट्यूबांचं पारदर्शक इपॉक्सी आणा. एम-सील नको, राखाडी रेघ कायमची दिसेल.

आधी जुना गोंद काढा. अ‍ॅसिटोनचा बोळा सांध्यावर ठेवून वर प्लास्टिक गुंडाळा. मऊ पडला की टूथब्रश. लिंबू-व्हिनेगर लावू नका, आम्ल संगमरवराला खातं आणि झिलई जाते. तुटलेल्या कडा तर घासायच्याच नाहीत, त्या दाण्यांवरच तुकडा नेमका बसतो. धुतलात तर दिवसभर वाळू द्या.

परातीत वाळू घेऊन हत्ती असा रोवा, की सांधा आडवा येईल आणि तुकडा स्वतःच्या वजनाने दाबला जाईल. नुसत्या टेपवर लोंबता ठेवला तर गोंद धरता धरता केसभर घसरतो. बहुतेक जोड इथेच बिघडतात. गोंद एकाच बाजूला, पातळ, कडेपासून दोन मिमी आत. बाहेर आलेला ओला असताना पुसू नका, पसरतो. रबरासारखा झाला की ब्लेडने छाटा. पाकिटावर 'पाच मिनिटं' लिहिलेलं असलं तरी चोवीस तास हात नको.

खलबत्ता:
खिळा कशाला? तुकडा भरेल जेमतेम पन्नास ग्रॅम. लोखंडाचा तर मुळीच नको: गंजून फुगतो आणि दगड आतून फोडतो. अगदीच हवा तर दोन मिमीची स्टेनलेस तार.

फटीसाठी इपॉक्सीत मार्बल पावडर श्रीखंडाइतकी घट्ट कालवा. त्यात पांढरा रंग घालू नका. संगमरवरात उजेड थोडा आत शिरतो, तिथे रंगाचा ठिपका खडूसारखा दिसतो. किंचित वर भरा, दुसऱ्या दिवशी आजूबाजूला टेप लावून ओल्या पॉलिश पेपरने ४००, ८००, १२०० असं उतरवा.

पण आधी तळाला नख ओढून बघा. आग्र्यात शंखजिऱ्याच्या, म्हणजे नखानेही ओरखडणाऱ्या मऊ दगडाच्या, वस्तूही संगमरवर म्हणून खपतात.

गारगोटी:
ओढलं. पांढरी भुकटी आली.

खलबत्ता:
मग शंखजिरंच. गोंद तोच, पण सांध्यावरची भुकटी ब्रशने पूर्ण झाडा, नाहीतर गोंद दगडाला न चिकटता भुकटीला चिकटतो. पॉलिश पेपर फक्त भरावावर, १२००चाच, तोंडाला मास्क लावून. अ‍ॅसिटोनने वरचं मेण जाईल, शेवटी बिनरंगी मेण चोळा. आणि समईशेजारी ठेवू नका, उष्णतेने इपॉक्सी मऊ पडतं.