व्यावसायिक करार केलेल्या विद्यार्थ्याची वेळ हायस्कूल विक्रमात धरावी का?

मैदानप्रेमी (धागाकर्ता):

टेक्सासमधील कूपर लटकेनहाउस या 16 वर्षांच्या मुलाने 3 ऑगस्ट 2025 रोजी यूजीन येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत 800 मीटर अंतर 1 मिनिट 42.27 सेकंदांत धावून दुसरा क्रमांक मिळवला आणि त्याच महिन्यात नायकी कंपनीशी व्यावसायिक करार केला. तेव्हा त्याची दहावी नुकतीच संपली होती आणि हायस्कूलची दोन वर्षे शिल्लक होती. या दोन वर्षांत तो विद्यार्थी असेल, मात्र शाळेच्या संघातून धावू शकणार नाही. या काळात त्याने नोंदवलेल्या वेळा हायस्कूल विक्रम म्हणून धरू नयेत, असे माझे मत आहे.

माझा मुद्दा 200 मीटरच्या शर्यतीवरून अधिक स्पष्ट होतो. रॉय मार्टिनने 1985 मध्ये 20.13 सेकंदांचा हायस्कूल विक्रम केला आणि तो मोडायला नोआ लाइल्स यावा लागला. लाइल्सने 2016 च्या ऑलिंपिक निवड चाचणीत 20.09 अशी वेळ दिली, म्हणजे 31 वर्षांत सुधारणा झाली ती 0.04 सेकंदांची. त्यानंतर फ्लोरिडाच्या एरियन नाइटनने जानेवारी 2021 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी आदिदासशी करार केला आणि एप्रिल 2022 मध्ये, बारावीत असताना, बॅटन रूज येथे 19.49 सेकंदांची नोंद केली. तो असामान्य धावपटू होता हे मी नाकारत नाही. परंतु शाळेच्या संघातला मुलगा वसंत ऋतूत जवळपास दर आठवड्याला धावतो, एकाच दिवशी दोन-तीन शर्यती आणि वर रिले धावतो, कारण संघाला गुण हवे असतात. करारबद्ध धावपटूचे वेळापत्रक मात्र मोसमातील मोजक्या मोठ्या शर्यतींभोवती आखलेले असते. या दोघांच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या तर त्या यादीतून आपण नेमके काय मोजतो, हेच कळेनासे होते.

आकडेमोड:

आपण ज्या यादीबद्दल बोलत आहात ती कोणती, हे आधी निश्चित केले पाहिजे. राज्यांच्या शालेय संघटनांचा राष्ट्रीय महासंघ केवळ आंतरशालेय स्पर्धांतील कामगिरीची नोंद ठेवतो, त्यामुळे व्यावसायिकांचा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. वाद आहे तो नियतकालिके आणि आकडेतज्ज्ञ ठेवतात त्या सर्वंकष यादीचा, आणि त्या यादीने खुल्या स्पर्धांतील वेळा पहिल्यापासून स्वीकारलेल्या आहेत.

जिम रायनने हायस्कूलमध्ये असताना दिलेली 3:55.3 ही एक मैलाची वेळ 1965 मधील सॅन दिएगोच्या राष्ट्रीय स्पर्धेतील आहे आणि त्या शर्यतीत त्याने ऑलिंपिक विजेत्या पीटर स्नेलला हरवले. तो विक्रम 36 वर्षांनी, 2001 मध्ये, ॲलन वेबने 3:53.43 अशी वेळ देऊन मोडला. तीही शर्यत यूजीनच्या प्रीफाँटेन स्पर्धेतली, ज्यात हिशाम एल गेरूजसारखा विश्वविक्रमवीर पुढे होता आणि वेब पाचवा आला. जगातील उत्तम व्यावसायिक धावपटूंच्या मागे मिळालेला वेग चालतो, त्यांच्यासाठी आखलेली शर्यत चालते, फक्त धावणाऱ्या मुलाच्या नावावर करार असला की विक्रम बाटतो, हे हौशीपणाचे सोवळे मला पटत नाही. लाइल्सची 20.09 ही वेळसुद्धा शाळेच्या संघाला गुण मिळवून देताना आलेली नाही.

शिवाय करारामुळे वेग वाढतोच, या गृहीतकाला आधार किती आहे? जॉर्जियाच्या कँडेस हिलने जून 2015 मध्ये 100 मीटर अंतर 10.98 सेकंदांत पार केले. 11 सेकंदांच्या आत धावणारी ती पहिली अमेरिकन हायस्कूल मुलगी होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिने असिक्सशी दहा वर्षांचा करार केला आणि पुढे 10.98 ही वेळ तिला सुधारता आली नाही. तशीच हायस्कूलमधली धावपटू मेरी केन, तिच्या 800 मीटरच्या 1:59.51 आणि 1500 मीटरच्या 4:04.62 या दोन्ही वेळा 2013 मधल्या, व्यावसायिक होण्यापूर्वीच्या आहेत, आणि त्याही अखेरपर्यंत तिच्या सर्वोत्तम राहिल्या.

न्यू जर्सीतील पालक:

केनचे उदाहरण दिलेत, तर ते पूर्ण द्यायला हवे. फेब्रुवारी 2013 मध्ये तिची बंदिस्त ट्रॅकवरील मैलाची वेळ 4:28.25 होती, नोव्हेंबर 2013 मध्ये ती व्यावसायिक झाली आणि जानेवारी 2014 मध्ये तिने 4:24.11 अशी वेळ दिली. वर्षभराच्या वाढीचा त्यात वाटा असेलच, पण बारावीत असताना केलेली ही नोंद कुठे लिहायची, हा प्रश्न तेव्हाही होता.

माझी मुलगी इथल्या हायस्कूलच्या संघात धावते, त्यामुळे माझी चिंता थोडी निराळी आहे. केनने नंतर, 2019 मध्ये, ओरेगन प्रकल्प या नायकीच्या प्रशिक्षण-गटात प्रशिक्षक आल्बेर्तो सालाझार यांच्या हाताखाली वजनावरून आपला कसा छळ झाला ते जाहीरपणे सांगितले. त्या प्रशिक्षणाची सुरुवात मात्र करारापूर्वीच, 2012 मध्ये, ती हौशी म्हणवली जात असतानाच झाली होती. म्हणून पैसा आला की बिघडले आणि पैसा नव्हता तोवर सारे निर्मळ होते, असे मी म्हणणार नाही. तरीही सोळाव्या वर्षी करारावर सही करणाऱ्या मुलीला शाळेचा संघ सोडावा लागतो, हे नुकसान खरे आहे. ते सोसल्यानंतरही हायस्कूलचा विक्रम तुझाच राहील, असे आमिष कंपनीच्या हाती देऊ नये, एवढ्यासाठी मी मूळ मताच्या बाजूने आहे.

एक भर घालते. आता अनेक राज्यांत विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापराबद्दल पैसे घेण्याची मुभा आहे. मेरीलँडच्या बुलिस शाळेचा क्विन्सी विल्सन 2024 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, पॅरिस ऑलिंपिकच्या 4x400 रिलेतील सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्याचा न्यू बॅलन्सशी अशा प्रकारचा करार असूनही त्याला शाळेसाठी धावता आले. तेव्हा रेषा पैशावर ओढता येणार नाही. मुलगा कोणासाठी धावतो, यावरच ती ओढावी लागेल.

पुण्याचा प्रशिक्षक:

मला या साऱ्या वादाचे थोडे नवल वाटते. नाइटनने जून 2021 मध्ये 19.88 ही वेळ देऊन उसेन बोल्टचा 19.93 हा 20 वर्षांखालील विश्वविक्रम मागे टाकला, तेव्हा करार आहे की नाही हे कोणी विचारले नाही, कारण तिथे निकष जन्मतारखेचा असतो. आपल्या शालेय राष्ट्रीय स्पर्धाही 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा वयोगटांतच होतात. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये लहानपणी निवडलेल्या मुलांचा राहण्याचा, आहाराचा, प्रशिक्षणाचा खर्च लष्कर करते आणि त्यांना कोणी व्यावसायिक म्हणत नाही. सुविधांचीच तुलना करायची, तर ही मुले कोणत्या रकान्यात घालणार?

आकडेमोड:

वयाचा निकष सुटसुटीत आहे, पण अमेरिकेत बारावीतला मुलगा 17 वर्षांचा असू शकतो आणि 19 वर्षांचाही. तिथले रसिक इयत्तेप्रमाणे याद्या वाचतात आणि ती परंपरा जन्मतारखेने पुसली जाणार नाही.

‘कोणासाठी धावतो’ या निकषाची अडचण मात्र दाखवतो. अथिंग मू शाळेत असताना शाळेच्या संघातून धावतच नव्हती, ती ट्रेंटन ट्रॅक क्लबकडून धावायची. फेब्रुवारी 2019 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिने बंदिस्त ट्रॅकवर 600 मीटरचा 1:23.57 हा अमेरिकेचा राष्ट्रीय विक्रम केला. तुमच्या नियमाने तिचीही वेळ हायस्कूलच्या यादीतून काढावी लागेल, आणि ते कोणालाच मान्य होणार नाही.

मैदानप्रेमी:

मूचा आक्षेप बिनतोड आहे असे मला वाटत नाही. ती शाळेकडून धावली नाही, पण मनात आले असते तर धावू शकली असती. तिने तो हक्क विकलेला नव्हता. म्हणून माझा निकष असा मांडतो, की ज्या दिवशी विद्यार्थी शालेय स्पर्धेतील पात्रता सोडून देतो, त्या दिवशी त्याचे हायस्कूल विक्रमांचे खाते बंद व्हावे. पैसे मिळतात का, प्रशिक्षक कोण, शर्यत खुली होती का, यांपैकी काहीही विचारण्याची गरज उरत नाही. विल्सनचे खाते चालू राहते, वेब आणि रायन जागच्या जागी राहतात आणि न्यू जर्सीतल्या ताईंनी मांडलेली आमिषाची शंकाही बरीचशी मिटते. पुण्याच्या सरांची मुलेही याच निकषाने रकान्यात बसतील. शालेय स्पर्धेला ती पात्र असली की झाले.

लटकेनहाउसची 1:42.27 ही वेळ कराराच्या आधीची असल्यामुळे माझ्या नियमानेही ती टिकते. मायकल ग्रॅनव्हिलचा 1996 पासूनचा 1:46.45 हा हायस्कूल विक्रम त्याने 2025 च्या उन्हाळ्यात आधीच मोडला होता आणि जूनमध्ये तो 1:45.45 पर्यंत आणला होता. मतभेद उरतो तो शाळा संपेपर्यंत तो 1:42.27 पेक्षा वेगाने धावला तर, एवढाच.

आकडेमोड:

लटकेनहाउसपुरता उरेल कदाचित, नाइटनपुरता नाही. ज्या मुलाला शाळेने वर्गात बसवले, परीक्षा घेतली आणि प्रमाणपत्र दिले, त्याच्या 19.49 ला हायस्कूलच्या यादीत जागा नाही आणि 20.09 ला आहे, हे मी मान्य करणार नाही. त्याच्या नावापुढे ‘बारावी’ असे लिहिले तर त्यात खोटे काय आहे?

मैदानप्रेमी:

खोटे काहीच नाही. त्याच्यापुढे ‘व्यावसायिक’ असेही लिहा आणि ती नोंद विक्रमाच्या खाली, वेगळ्या ओळीत ठेवा. माझी हरकत तिथे संपते.