मदत हवी आहे: एफएनबी फेलोशिपची सीट हुकली, सावरायचं कसं?

नमस्कार डॉक्टर मंडळी. मी सोलापूरची, स्त्रीरोगतज्ज्ञ, एमएस होऊन ३ वर्षं झाली. एफईटी ही प्रवेश परीक्षा दिली ती रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिनच्या, म्हणजे वंध्यत्वावरच्या उपचारांच्या, २ वर्षांच्या एफएनबीसाठी (एमएसनंतरची राष्ट्रीय बोर्डाची फेलोशिप). कौन्सेलिंगच्या शेवटच्या फेरीपर्यंत आशा होती, पण माझ्या रँकपर्यंत सीट आलीच नाही. हाय-रिस्क प्रेग्नन्सीची मिळत होती, मी नाही म्हटलं. तेव्हा ठाम होते. आता रात्री दोन वाजता उठून स्वतःशीच भांडते.

निकालापेक्षा विचारणारेच जास्त छळतात. गड्ड्याच्या जत्रेत मावशी भेटल्या, "अगं, अजून किती शिकणार? डॉक्टर झालीस की!" आईच्या लेखी तर मी सरळ नापास. ओपीडीत मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यांना आयव्हीएफसाठी दुसरीकडे पाठवताना पोटात कालवतं ते वेगळंच.

पुन्हा एफईटी दिलेल्यांनी नोकरी सोडली होती की सांभाळली? माझ्याकडून रात्रीच्या सिझेरियनमधून वाचन होत नाही, खोटं कशाला बोलू. खासगी आयव्हीएफ सेंटरची फेलोशिप केलेल्यांनी सांगा, ओव्हम पिकअप (स्त्रीबीजं काढणं) आणि एम्ब्रियो ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) स्वतःच्या हाताने किती करायला मिळाले, की कडेला उभं राहून नुसतं बघायचं? आयव्हीएफसारख्या उपचारांवर नियंत्रण ठेवणारा २०२१ चा एआरटी कायदा आल्यापासून अनुभवाच्या नोंदी लागतात, म्हणून विचारते.

आणि सीट न मिळाल्यावर पहिले दोन महिने तुम्ही कसे काढलेत? "सगळं चांगल्यासाठीच होतं" हे सोडून काहीही लिहा.